समुद्राविना उठलेले वादळ

प्रश्न : आपल्याकडची चक्रीवादळे जमिनीवर आली की लवकरच विरतात. मग जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात, समुद्रापासून इतक्या दूर, एवढे प्रचंड हिमवादळ कसे झाले? आणि जेथे हवेचा दाब सर्वांत कमी, तेथेच सर्वाधिक हिम पडते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपले चक्रीवादळ उबदार समुद्राच्या बाष्पावर पोसले जाते, म्हणून जमिनीवर त्याची रसद तुटते. हिवाळी वादळाची ऊर्जा मात्र मुख्यतः थंड आणि उबदार हवेच्या तापमानांतील तफावतीतून येते. उत्तर अमेरिकेत पूर्व-पश्चिम पसरलेली मोठी पर्वतरांग नसल्याने आर्क्टिककडची हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा सरळ एकमेकींना भिडतात. (हिमालयाने आपल्याला या संकटातून वाचवले आहे.) त्या जानेवारीत दक्षिणेकडून कमी दाबाचे क्षेत्र ओहायोकडे सरकत असतानाच वातावरणाच्या वरच्या थरांतील दोन वेगवान वायुप्रवाह एकत्र आले, वरची हवा ज्या वेगाने बाहेर खेचली गेली, त्या वेगाने खालची पोकळी भरून निघाली नाही. चोवीस तासांत दाब सुमारे ४० मिलिबारने उतरला आणि २६ जानेवारीला क्लीव्हलंड येथे तो ९५८ मिलिबारपर्यंत आला. दाब असा झपाट्याने घसरणाऱ्या वादळांना हवामानतज्ज्ञ ‘बॉम्ब’ म्हणतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. केंद्राच्या पूर्वेकडे उबदार हवा वर सरकत असल्याने ओहायोच्या बऱ्याच भागात आधी पाऊसच पडला आणि केंद्र जवळून गेल्यावर पारा कोसळून त्याचे हिम झाले. जोरदार हिमवर्षाव झाला तो पश्चिमेच्या थंड बाजूला, इंडियाना आणि मिशिगनमध्ये. मिशिगन सरोवराकाठच्या मस्कीगन येथे सव्वा मीटरहून अधिक हिम नोंदले गेले, परंतु त्यात सरोवरावरून येताना थंड वाऱ्याने उचललेल्या बाष्पाचाही वाटा होता.

तरीही माझ्या मते हिमाची जाडी हे या वादळाचे खरे माप नव्हे. क्लीव्हलंड येथे वाऱ्याचे झोत ताशी १३० किलोमीटरच्या पुढे गेले होते, आणि अशा वाऱ्यात हिम एकीकडे खरवडले जाऊन दुसरीकडे घरांच्या छपरांपर्यंत साचते. ओहायोत ५१ जण दगावले; त्यांतील बरेच जण रस्त्यात अडकलेल्या मोटारींत किंवा उष्णतेची सोय बंद पडलेल्या घरांत गारठून मरण पावले.