३२ लेव्हल्स राहू देत, आधी एक पुरी कर

पोरा,

तुझा मेसेज वाचला, स्क्रीनशॉट पण सगळे बघितले. डूम टू ह्या जुन्या राक्षस मारायच्या कॉम्प्युटर गेमसाठी ३२ लेव्हल्सचा अख्खा सेट करायचाय, पहिली लेव्हल आपला बेळगावचा किल्ला, मग येळ्ळूरचा राजहंसगड, मग तुमच्या खानापूरकडचा भीमगड, आणि आत्तापर्यंत झालंय काय तर खंदक आणि अर्धा दरवाजा. दरवाजा लई भारी दिसतोय, खोटं कशाला सांगू. पण तू विचारलंस काका पुढं कसं जाऊ, तर माझं म्हणणं एवढंच की ३२ चं खूळ डोक्यातनं काढ आणि एकच लेव्हल पुरी कर, दहा मिनिटांत संपेल एवढीच, आणि ती अशी करून सोड की तुला फोन न करता कुणीही ती लावून खेळू शकेल, आणि उद्या तू ह्या नादातनं बाहेर पडलास तरी दुसरा कुणी त्यात हात घालू शकेल.

असं का म्हणतो ते सांगतो. डूम आला १० डिसेंबर १९९३ ला, तू तेव्हा जन्माला पण आला नव्हतास, आणि अजून लोक त्याच्यासाठी नवीन लेव्हल्स करतायत. ग्राफिक्ससाठी काय करत नाहीत ते. गेम करणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रोग्रॅमरनं, जॉन कार्मॅकनं, इंजिन एकीकडं ठेवलं आणि नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा माल वॅड फाईलमध्ये वेगळा ठेवला, मुद्दाम, म्हणजे मूळ गेमला धक्का न लावता लोकांना आपला माल वरनं घालता यावा. एडिटर मात्र कंपनीनं दिला नव्हता, तो लोकांनीच फाईल उकलून उकलून लिहिला, १९९४ च्या सुरुवातीलाच डीईयू नावाचा एडिटर आला सुद्धा. मग तर पूरच आला. टीमटीएनटी नावाच्या पोरांनी एक अख्खा ३२ लेव्हल्सचा सेट फुकट वाटायला तयार केला होता, तो आयडी सॉफ्टवेअरनं विकत घेतला आणि १९९६ मध्ये फायनल डूम ह्या पॅकमध्ये घालून दुकानात विकला. (आता तू म्हणशील बघा काका, ३२ केल्याच की त्यांनी. व्हय, पण ती अख्खी टोळी होती, आणि तू एकटा आहेस, त्यात डिप्लोमाची सबमिशन्स.)

पुढं डिसेंबर १९९७ मध्ये कार्मॅकनं सोर्स कोडच देऊन टाकला. डॉसच्या गेममधली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती म्हणून लिनक्सचा कोड दिला, आणि उरलेली जोडाजोड लोकांनी केली. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल ह्या मोकळ्या परवान्याखाली आला. आज तू ज्या पोर्टवर (म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर चालेल असं केलेलं इंजिन) खेळतोस ना, ती सगळी ह्या कोडची पोरं-नातवंडं. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी काहीतरी दिलं आणि पुढच्याला वापरता येईल असं दिलं, म्हणून गेम टिकला. नुसतं प्रेम करणारे तर सगळ्याच गेमला असतात की.

आता तुझ्या किल्ल्याकडं येतो. तू गुगल मॅपवरनं माप घेऊन किल्ला खराखुरा काढायला बसलायस, ते सोड. डूममध्ये एका सेक्टरला, म्हणजे नकाशाच्या एका तुकड्याला, एकच फरशी आणि एकच छत, त्यामुळं खोलीवर खोली येत नाही. दरवाजाच्या कमानीखालनं जायचं आणि त्याच कमानीवरनं चालायचं हे जमणार नाही, तू तिथंच अडकलायस असं मला स्क्रीनशॉटवरनं दिसतंय. तटावरची वाट दरवाजाच्या अलीकडंच थांबव, तिथं दोन इंप राक्षस उभे कर, खालनं येणाऱ्यावर आग टाकायला, बस झालं, किल्ल्याचा फील तेवढ्यानं येतो. खंदक भव्य दिसतो पण खेळाडूला तिथं काय काम आहे? काम नसेल तर निम्मा कर. आणि आत कमल बस्ती, ते किल्ल्यातलं जैन मंदिर, करायची म्हणतोस ना, तिथं मात्र वेळ घाल, कारण तिथं डूमला जमतं ते सगळं आहे. छतातलं कमळ एकात एक सेक्टर काढून होतं, प्रत्येक आतल्या सेक्टरचं छत ८ युनिट (गेममधलं माप) वर घेत जा आणि उजेड थोडा थोडा वाढवत जा, खालनं बघितलं की घुमटच वाटतो. खांब गोल होत नाहीत, अष्टकोनी कर, कुणी तक्रार करत नाही. एक मात्र कर, नाव आणि देवाच्या मूर्ती त्यात आणू नकोस, लोकांचं पूजेचं ठिकाण आहे ते आणि तू आत राक्षस मारणार आहेस. मंडप आणि छत घे, बाकी तुझ्या मनचं.

काही मापं पाठ कर, रोज लागतात. खेळाडू २४ युनिटपर्यंतची पायरी चढतो, २५ झाली की अडला. त्याला शिरायला ५६ उंची लागते, रुंदी त्याची ३२, पण म्हणून ३२ चा बोळ करू नकोस, घासत जावं लागतं. मॅन्क्युबस हा जाडा राक्षस ९६ रुंद आहे आणि तू त्याला ६४ च्या दारामागं ठेवलायस, तो आयुष्यभर तिथंच उभा राहणार बघ. फरशीची चित्रं ६४ बाय ६४ च्या ग्रिडला चिकटलेली असतात, तर खोल्या त्या ग्रिडवर काढ, नाहीतर लाद्या अर्ध्या कापलेल्या दिसतात. आणि फॉरमॅट बूम नावाच्या पोर्टचा घे. जुन्या मूळ इंजिनला एका वेळी १२८ च्या वर व्हिसप्लेन्स (डोळ्यासमोर दिसणारे फरशी-छताचे तुकडे) झाले की गेम बंद पडतो, तुझा खंदक आणि तट एकदम दिसला की पडणारच. बूमनं १९९८ मध्ये ती अट उठवली.

लेव्हल खेळता येण्यासारखी झाली की दुसऱ्याला बसव. दिवाळीत आपल्याकडं गल्लीगल्लीत किल्ले करतात, लोक येतात, बाहेरनं बघतात, भारी म्हणतात आणि जातात. लेव्हलमध्ये लोक आत शिरतात, आणि तुला वाटलं तिकडनं शिरत नाहीत. तुझा तो हॉस्टेलमधला कन्नड मित्र आहे ना गोकाकचा, त्याला बसव, त्यानं डूम कधी खेळला नसेल तर अजून बरं. तू मागं बस आणि तोंड बंद ठेव. किल्ली इथं आहे, तिकडं नको जाऊ, असलं एक अक्षर काढायचं नाही. तो जिथं तीनदा फिरून परत येतो तिथं तुझी चूक आहे, त्याची नाही. लिहून घे आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर. आणि नुसत्या पिस्तुलावर लेव्हल सुरू करून संपते का ते तू स्वतः बघ, कारण खूप जण तसंच खेळतात.

आता कंटाळवाणं काम, जे सगळे टाळतात. झिपमध्ये फक्त तुझी वॅड घाल, मूळ डूमची फाईल घालायची नाही, ती आयडीची आहे आणि विकत मिळते. ज्याच्याकडं नाही त्याला फ्रीडूम फेज टू वर पण चालेल एवढं बघ, तो फुकट आहे आणि त्यातला माल लोकांनी नव्यानं केलाय. (राक्षस वेगळे दिसतील, दचकू नकोस.) सोबत एक टेक्स्ट फाईल. त्यात नाव, कुठला गेम, कुठला मॅप नंबर, कुठल्या पोर्टवर तपासली, कुणाचं टेक्स्चर (भिंतीचं चित्र) कुठनं घेतलं, आणि सगळ्यात खाली परवानगी. ह्या परवानगीच्या ओळीवर मी अडून बसणार. इंटरनेटवरच्या जुन्या साठ्यात ढिगानं चांगल्या लेव्हल्स पडल्यात, १९९५ च्या, ९६ च्या, आणि त्यात लिहिलंय की ह्यात बदल करून वापरायचं नाही, विचारायचं असेल तर ह्या पत्त्यावर मेल टाका. तो पत्ता कधीच बंद पडलाय. माणूस कुठं आहे पत्ता नाही. लेव्हल आहे, खेळता येते, पण दुरुस्त करून पुढं द्यायची सोय नाही. तू सरळ लिही की नाव ठेवून कुणीही बदल करावा. तुझं काय जाणार आहे त्यात? दहा वर्षांनी तू बेंगलोरला नाहीतर पुण्याला नोकरीत असशील, पासवर्ड सुद्धा आठवणार नाही.

आणि दुसऱ्यांच्या लेव्हल्स खेळ, खेळल्यावर दोन ओळी त्या माणसाला लिही. नाईस मॅप असलं नको, कुठं अडकलास, कुठं मजा आली ते लिही. जॉन रोमेरो, मूळ गेमचा डिझायनर, त्यानं पण २०१६ मध्ये परत एक लेव्हल करून फुकट सोडली, २०१९ मध्ये सिजिल म्हणून अख्खा एपिसोड दिला, २०२२ मध्ये युक्रेनच्या मदतीसाठी एक लेव्हल विकली. एवढा मोठा माणूस परत एकेक खोली काढत बसतो, तर आपण एका लेव्हलला छोटं समजायचं कारण नाही.

येळ्ळूर आणि भीमगडाच्या फोल्डरला सध्या हात लावू नकोस, डिलीट पण करू नकोस. किल्ल्याची एक वॅड आणि टेक्स्ट फाईल झिप करून गणपतीच्या आधी मला पाठव. मी डीएसडीए-डूम ह्या पोर्टवर खेळतो आणि डेमो, म्हणजे माझ्या खेळाची नोंद, रेकॉर्ड करून परत पाठवतो, म्हणजे मी कुठं मेलो ते तुला दिसेल. फक्त एक लक्षात ठेव, डेमोमध्ये व्हिडिओ नसतो, नुसती बटणं साठवलेली असतात, सेकंदाला ३५ वेळा. तू मधेच एक भिंत जरी सरकवलीस तर माझा खेळाडू भलतीकडं गोळ्या झाडत बसेल. म्हणून मला पाठवलेली कॉपी तशीच बाजूला ठेव, आणि बदल काय करायचे ते नवीन नावानं सेव्ह करून कर.

तुझा,
शहापूरचा काका