वाचकांचे प्रश्न : कीटकपेशींत मुक्काम ठोकलेले विषाणू

प्रश्न : आमच्या एसएफ-९ पेशी (एका अळीपासून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कीटकपेशी) २७ अंशांवर झकास वाढतात, फक्त मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने मोजल्यास ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत असतात. तरीही तपासणीत ऱ्हॅब्डोव्हायरस या आरएनए विषाणूचा आरएनए सापडला. संसर्ग आहे तर पेशी मरत का नाहीत?

उत्तर : पेशी निरोगी दिसतात म्हणून त्या विषाणुमुक्त आहेत असं धरूच नका. एसएफ पेशीवंशांतला (एसएफ-९ हा त्यातलाच एक) हा विषाणू २०१४ साली उघड झाला. तोवर या पेशी कित्येक दशकं सर्रास वापरात होत्या. तेव्हा तुमच्या हातून काही बिघडलं असेल असं नाही.

पेशी मरत नाहीत, कारण त्या विषाणूला आटोक्यात ठेवतात, संपवत मात्र नाहीत. विषाणूची प्रत बनताना दुपदरी आरएनए तयार होतो. डायसर-२ हे पेशीतलं विकर त्याचे २०-२१ न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचे) तुकडे पाडतं आणि त्यांच्या आधारे अर्गोनॉट-२ हे दुसरं विकर विषाणूचा आरएनए कापतं. पण हे एवढ्यावर संपत नाही. सी६/३६ या डासपेशींत डायसर-२ निकामी आहे, तरी त्यांत डेंग्यू महिनोन्महिने टिकतो. म्हणजे इतरही गोष्टी हातभार लावतात. अपुऱ्या जिनोमचे (जनुकसंचाचे) विषाणूकण मूळ विषाणूची वाढ रोखतात, ही त्यातली एक.

प्रश्न : चिवट संसर्ग आणि सुप्त संसर्ग यांतला फरक प्रयोगशाळेत कसा ओळखायचा?

उत्तर : चिवट संसर्गात कण सतत बाहेर पडत राहतात, सुप्त संसर्गात जिनोम असतो पण कण बनत नाहीत. एचझेड-१ हा डीएनए विषाणू सुप्त असताना त्याचा जवळपास एकच आरएनए, पॅट-१, पेशीत बनत राहतो. म्हणून नुसत्या एका पीसीआरवर (जनुकीय साखळीच्या प्रती वाढवून ती शोधणाऱ्या चाचणीवर) निकाल देऊ नये.

आरएनए विषाणूचा संशय असेल तर पेशी आणि माध्यम वेगवेगळे तपासा. सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी बलाने ५ मिनिटं फिरवून पेशी खाली बसवा, वरचं माध्यम काढून घ्या. पेशींच्या आरएनएला डीएनेझ (डीएनए नष्ट करणारं विकर) द्या आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) घातलेली, न घातलेली आणि नुसत्या पाण्याची, अशा पीसीआरच्या तीन नळ्या लावा. मधल्या नळीतही पट्टी आली तर डीएनेझ अपुरं पडलंय आणि तुम्ही डीएनए मोजताय; कीटकांच्या जिनोममध्ये जुन्या विषाणूंचे तुकडे रुतलेले असतात, तेही असेच फसवतात.

माध्यमाला आधी आरएनेझ (आरएनए नष्ट करणारं विकर) द्या, मग आरएनए काढा. उघडा आरएनए नष्ट होतो, कवचातला वाचतो. इथे हमखास चूक होते ती अशी : आरएनेझ पुढच्या टप्प्यातही उरतं आणि खरा आरएनएही खातं. त्यासाठी एका नमुन्यात आपल्या ओळखीचा एखादा उघडा आरएनए आरएनेझच्या आधी टाका (तो नाहीसा व्हायला हवा), दुसऱ्यात पेशी फोडणारं द्रावण घातल्यानंतर टाका (तो शाबूत राहायला हवा).

शेवटी माध्यम ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून विषाणुमुक्त पेशींवर निदान तीन आंधळे पॅसेज घ्या (म्हणजे काही दिसो वा न दिसो, माध्यम पुढच्या ताज्या पेशींवर देत राहा). फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही. मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या बारीक जिवाणूंची) चाचणी स्वच्छ आली म्हणून विषाणूंबाबत काहीच सिद्ध होत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

सुप्त संसर्ग उठवून पाहावा लागतो. हाय फाइव्ह या दुसऱ्या कीटकपेशींतला नोडाव्हायरस हा आरएनए विषाणू २००७ मध्ये बॅक्युलोव्हायरसचा (कीटकपेशींत प्रथिनं बनवून घेण्यासाठी वापरतात त्या डीएनए विषाणूचा) संसर्ग दिल्यावरच लक्षात आला होता.

प्रश्न : मग पेशी विषाणुमुक्त करता येतील का?

उत्तर : येतात. एकेका पेशीपासून वंश वाढवून, अँटिव्हायरल औषधं देऊन ऱ्हॅब्डोव्हायरसमुक्त एसएफ पेशी तयार झालेल्या आहेत. औषध थांबवल्यानंतर अनेक पॅसेज (पेशी नव्या माध्यमात हलवण्याच्या फेऱ्या) तपासणी चालू ठेवा. औषध चालू असताना आलेला नकारात्मक निकाल कामाचा नाही. शक्य असेल तर तयार मुक्त वंशच घ्या, वेळ वाचतो.

मात्र जुन्या पेशींत वाढवलेला बॅक्युलोव्हायरसचा साठा त्यांच्यावर ओतू नका. त्यात ऱ्हॅब्डोव्हायरसही असतोच, आणि पहिल्याच संसर्गात तो नव्या पेशींत शिरतो. साठा बॅकमिड डीएनएपासून (जिवाणूंत वाढवलेल्या बॅक्युलोव्हायरसच्या जिनोमपासून), मुक्त पेशींतच नव्याने बनवा.