मधात उसाची साखर मिसळली आहे, हे समस्थानिकांवरून कसं ओळखतात?

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. कार्बन-१२ आणि कार्बन-१३ मध्ये प्रोटॉन ६च, फरक फक्त एका न्यूट्रॉनचा. रासायनिक चाचणीला तो दिसत नाही, वजनाला दिसतो. निसर्गात कार्बन-१३ साधारण १.१ टक्का, ऊस आणि मका यांच्यात तो बहुतेक फुलझाडांपेक्षा किंचित जास्त असतो.

मधाचा कणभर नमुना कथिलाच्या कुपीत घालून सुमारे १००० अंशांवर ऑक्सिजनमध्ये जाळतात. निघालेला कार्बन डायऑक्साइड कोरडा करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. तिथे त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण होतात, चुंबक त्यांना वजनाप्रमाणे वळवतो आणि ४४, ४५ (मुख्यतः कार्बन-१३ वाले), ४६ वस्तुमानाचे आयन वेगवेगळ्या कपांत मोजले जातात. उत्तर प्रमाणित नमुन्याच्या तुलनेत, दर हजारी फरकात येतं: शुद्ध मध साधारण −२५, ऊस −११ च्या आसपास.

खरी युक्ती पुढे आहे. त्याच मधातली प्रथिनं वेगळी काढून तीही मोजतात, कारण साखर मिसळली तरी प्रथिनांचा आकडा बदलत नाही. प्रथिनं −२५.२ आणि मध −२३.४ आला, तर भेसळ (२५.२−२३.४)/(२५.२−९.७), म्हणजे सुमारे १२ टक्के. सूत्रातला ९.७ मक्याच्या पाकाचा. फरक १ पेक्षा कमी असेल तर भेसळ सिद्ध होत नाही.

चुका बहुधा दोन: प्रथिनं नीट न धुतल्याने साखर चिकटून राहते, किंवा वायूत ओल राहून ४५ चा आकडा खोटाच फुगतो. आणि तांदळाचा किंवा बीटचा पाक असेल, तर ही चाचणी साफ फसते, कारण त्यांच्यातलं कार्बन-१३ फुलझाडांइतकंच असतं.