गोदीतला माल आणि परवान्यावरची सही

प्रश्न : माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते आणि मी गेली वीस वर्षे न्हावा शेवा बंदरातील क्लिअरिंगच्या कामात आहे. मे २०२४ मध्ये चेन्नईहून सुमारे २७ टन स्फोटके घेऊन इस्रायलमधील हैफाकडे निघालेल्या जहाजाला स्पेनने आपल्या कार्टाहेना बंदरात थांबू दिले नाही, हे वाचल्यापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. आपला देश गाझातील त्या युद्धात नाही. शिवाय खरेदी-विक्री कंपन्यांमधली. मग त्या मालाने तिकडे जे घडेल त्याची जबाबदारी आपल्यावर येते का? आणि कागद तपासून पुढे सरकवणाऱ्या माझ्यासारख्याने त्याचा विचार करावा का?
– एक वाचक, माझगाव, मुंबई

उत्तर : आधी एका शब्दाचा उलगडा करू. भारताने स्वतःला ‘अलिप्त’ म्हटले, ‘तटस्थ’ नव्हे. अलिप्तता म्हणजे कोणत्याही लष्करी गटात न जाण्याचे धोरण. तटस्थता म्हणजे एखाद्या युद्धात दोन्ही बाजूंशी सारखेच वागण्याचे कायदेशीर बंधन. तरीही सुरुवात तटस्थतेच्या नियमांपासूनच करावी लागते, कारण ‘माल खासगी आहे, सरकारचा नाही’ हा बचाव मूळचा तिथला आहे. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थ सरकारला स्वतः युद्धसामग्री पुरवण्यास मनाई केली. मात्र खासगी व्यापाऱ्याने केलेली शस्त्रांची निर्यात रोखण्याचे बंधन त्या सरकारवर घातले नाही. निर्यातीवर बंदी घातलीच, तर ती दोन्ही पक्षांना सारखी लागू करावी, एवढीच अट होती.

त्याही काळात ‘खासगी’ म्हणून सगळे खपत नव्हते. अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘अलाबामा’ ही युद्धनौका इंग्लंडमधील बर्कनहेडच्या एका खासगी गोदीत बांधली गेली. ती दक्षिणेतील बंडखोर राज्यांसाठी आहे, असे अमेरिकेच्या वकिलातीने ब्रिटिश सरकारला आधीच कळवले होते. पण त्याविषयीचे कागद आजारी पडलेल्या सरकारी विधिज्ञाकडे कित्येक दिवस तसेच पडून राहिले आणि जुलै १८६२ च्या अखेरीस, चाचणी-फेरीच्या निमित्ताने, नौका निसटली. तिच्यावर तोफा चढवल्या त्या पुढे अझोर्स बेटांजवळ. तिने साठांहून अधिक जहाजे पकडली किंवा जाळली, आणि १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला दीड कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. माहिती हाती असताना हालचाल न करणे हाच तिथे दोष ठरला.

आज तर तो जुना बचाव मला मुळीच पटत नाही. भारतातून दारूगोळा पाठवायचा, तर तो ‘स्कोमेट’ या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाच्या सरकारी यादीच्या सहाव्या वर्गात मोडतो आणि त्याला संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते. माल नेमका कोण वापरणार हे कागदोपत्री दाखवावे लागते. म्हणजे व्यापार खासगी असला, तरी सही सरकारची असते. जिथे सही, तिथे माहिती. आणि दुसऱ्या देशाच्या बेकायदा कृत्याला ते ठाऊक असूनही मदत करणारा देश स्वतः जबाबदार ठरतो, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात आता रुजले आहे. २०१३ च्या शस्त्रव्यापार करारात भारत सामील झाला नाही हे खरे. पण १९४९ च्या जिनिव्हा करारांचा तो सदस्य आहे आणि ते करार ‘पाळण्याचे आणि पाळले जातील हे पाहण्याचे’ वचन त्यांच्या पहिल्याच कलमात आहे. इस्रायलला शस्त्रे पुरवल्याबद्दल निकाराग्वाने जर्मनीविरुद्ध आणलेल्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३० एप्रिल २०२४ रोजी तातडीचे आदेश नाकारले, परंतु युद्धरत पक्षांना शस्त्रे देण्याबाबतच्या कर्तव्यांची सर्वच देशांना आठवण करून दिली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवण्याची याचिका फेटाळली, कारण परराष्ट्र धोरण ठरवणे हे सरकारचे काम आहे. याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. ती सरकारची आहे, असा होतो. तेव्हा प्रश्न संसदेत विचारायचा, आणि तो आपल्या खासदारामार्फत विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

आपण माझगावचे, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज फुटले, तेव्हा त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याजवळच कापसाच्या गासड्या होत्या. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. ते जहाजही बर्कनहेडहूनच निघाले होते. त्या दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानला व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता ओढले होते. गोदीत कोणता माल उतरावा हे ठरवणे इथल्या माणसांच्या हाती नव्हते. आज ते आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. परवाना द्यावा की नाही हे आपण ठरवत नाही, आणि त्याचे ओझे आपण घेऊ नये. पण शिपिंग बिलावरील, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदावरील, मालाचे वर्णन आपल्या नजरेखालून जाते. काडतुसे आणि बॉम्ब कस्टम्सच्या माल-वर्गीकरणाच्या ९३ व्या प्रकरणात येतात, ते चटकन ओळखू येतात. ड्रोनचे सुटे भाग मात्र ८८ व्या प्रकरणात विमानांच्या भागांशेजारी बसतात आणि तिथेच नजर चुकते. वर्णन मोघम असेल, माल घेणाऱ्याचे नाव परवान्यावरील नावाशी जुळत नसेल, तर ते कस्टम्स अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा.