वाचकांचे प्रश्न : पाण्याकाठी आणि माळावर मुक्काम

प्रश्न : आम्ही चार कुटुंबे डिसेंबरमध्ये नाथसागराच्या काठी तंबू ठोकून एक रात्र राहण्याचा विचार करीत आहोत. जागा कोणती निवडावी आणि परवानगी लागते का? — एक वाचक, बीड

उत्तर : परवानगीचा मुद्दा आधी घेतो, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. पैठणजवळ गोदावरी अडवून झालेला हा जलाशय १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यासही त्याच कायद्याने मनाई आहे. त्यामुळे पाण्याच्या अगदी कडेला तंबू आणि तंबूपुढे शेकोटी, हे समाजमाध्यमांवर दिसणारे चित्र विसरलेले बरे. वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात विचारून अभयारण्याची हद्द नीट समजून घ्यावी आणि हद्दीबाहेर एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या रानात मुक्काम करावा. ठरलेले पैसे आधी द्यावेत आणि विहिरीचे पाणी, स्वच्छतागृह व गाडी लावण्याची जागा यांविषयी मोकळेपणाने बोलून घ्यावे.

जागा निवडताना पाण्याजवळ जाण्याचा मोह टाळावा, आणि त्याचे कारण केवळ कायद्याचे नाही. पाणी ओसरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो आणि आसपासचे शेतकरी त्यावर हरभरा, ज्वारी अशी गाळपेर करतात. आपल्याला मोकळे पटांगण वाटते ते पुष्कळदा कुणाचे तरी नुकतेच पेरलेले रान असते. शिवाय हा गाळ फसवा असतो. वरचा थर उन्हाने वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात, पाय ठेवला तर टणकही लागतो. पण चार बोटे खाली तो लोण्यासारखा मऊ असतो. मोटारीची पुढची चाके त्यात बसली की ट्रॅक्टर बोलावण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो ट्रॅक्टर ज्या पिकातून येतो त्याची भरपाई मग कुणी द्यायची?

मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. धरण भरले तेव्हा कित्येक गावे पाण्याखाली गेली. जुन्या विहिरी, भिंती आणि नदीचे मूळ खोल पात्र आजही खाली तसेच आहे. ओसरत्या पाण्यात त्यांतले काय किती खोलीवर आहे, हे वरून कळत नाही. मासेमारांची जाळीही काठाजवळ लावलेली असतात.

डिसेंबर हा महिना मात्र आपण योग्य निवडला आहे. पट्टकदंब हंस, बदके आणि अनेकदा रोहित पक्षीही या दिवसांत येथे दिसतात. पहाटे थंडी आणि दव दोन्ही भरपूर असते. तंबूच्या दोन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या नाहीत, तर श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमून पांघरुणे ओली होतात. ध्वनिवर्धक घरीच ठेवावा, ही माझी वैयक्तिक विनंती समजावी.

प्रश्न : आमची मुलगी कॅनडातील सास्काचेवान प्रांतात असते. जूनमध्ये ती आम्हा दोघांना तेथील ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात तंबूत राहायला नेणार आहे. आम्ही साठी ओलांडली आहे. काय तयारी करावी? — एक वाचक, लातूर

उत्तर : निर्धास्त जावे. तेथे मुक्कामाच्या जागा आखून दिलेल्या असतात आणि त्या आधी आरक्षित करता येतात, तेव्हा जागेचा शोध आपल्याला घ्यावा लागणार नाही. झाडे जवळजवळ नाहीत, म्हणून टोपी आणि सावलीचे कापड हवेच. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे जेवणाची व झोपेची वेळ घड्याळ पाहूनच ठरवावी लागेल. रात्री स्वेटर लागतो. शतकाहून अधिक काळ तेथून नाहीसे झालेले बायसन (तिकडचे रानगवे) २००५ मध्ये पुन्हा आणण्यात आले. ते संथ दिसले तरी फार वेगाने धावतात, म्हणून त्यांच्यापासून किमान १०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. विषारी खुळखुळ्या साप (रॅटलस्नेक) तेथे आहे, तेव्हा गवतात चपलेऐवजी बूट घालावेत.

प्रश्न : आमच्या गावाला लागून मोठे माळरान आहे. परीक्षा संपल्यावर मे महिन्यात आम्ही मित्र तेथे दोन रात्री राहणार आहोत. घरचे लांडग्याची भीती घालतात. ती खरी आहे का? — एक विद्यार्थी, धाराशिव जिल्हा

उत्तर : लांडग्याची भीती घरच्यांनी घातली, पण विजेची घातली नाही, याचे नवल वाटते. मे महिन्यात मराठवाड्यात वळीव दुपारनंतर किंवा संध्याकाळी अचानक येतो आणि उघड्या माळावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे एकतर आपण, नाहीतर एकटे उभे असलेले बाभळीचे झाड. तंबू विजेपासून मुळीच वाचवत नाही. ढग दाटू लागताच पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे; झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अॅप मोबाइलमध्ये असावे, मात्र रेंज असेल तरच त्याचा उपयोग. माझे मत विचाराल तर हा बेत सरळ डिसेंबर-जानेवारीवर ढकलावा.

लांडगा माळावरच राहतो आणि त्याचा डोळा मेंढरांवर असतो. माणसांच्या घोळक्यापासून तो सहसा दूर राहतो. हिवाळ्यात त्याची पिल्ले बिळात असतात, तेव्हा बीळ किंवा कपार दिसल्यास छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. त्या माळावर दरवर्षी मेंढरे घेऊन बसणाऱ्या धनगराला एकदा भेटावे. वारा कोणत्या अंगाने येतो, पाणी कुठे साचते, कोणत्या बाजूला दगडांत साप जास्त निघतात, हे तो जितके नेमके सांगेल तितके कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. गायरानावर राहायचे असल्यास ग्रामपंचायतीला आधी कळवावे.

सापांची काळजी मात्र गंभीरपणे घ्यावी. फुरसे दगडाखाली दडते, म्हणून तंबूच्या दोऱ्या दाबण्यासाठी धोंडे उचलताना ते आधी काठीने उलटावेत. माळाच्या मुरमात पातळ खुंट्या वाकतात, त्यामुळे धोंड्यांची गरज पडतेच. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. उघड्या चटईवर झोपू नये, तंबूची चेन कायम बंद ठेवावी आणि बूट झटकूनच घालावेत. दंश झाल्यास कापणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नये. अवयव न हलवता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप पकडण्यात वेळ घालवू नये.

राहिला स्वयंपाक. दिवाळीनंतर पवन्या, कुसळी ही गवते वाळून कोळ होतात आणि एका ठिणगीने पूर्ण माळ पेटतो. त्यात वर्षभराचा चाराही जातो. चूल मांडूच नये. लहान गॅस शेगडी गवत नसलेल्या मुरमावर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली असावी. पँट जाड कापडाची घालावी. लोकरी पायमोज्यांत एकदा कुसळ शिरले की ते एकेक करून वेचण्यात अख्खी संध्याकाळ जाते.