पोटात मेलेला भाग आहे, मग ऑपरेशन का नाही?

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे. बार्शीत आमचं पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान आहे. चुलत दिराच्या लग्नाहून परतलो आणि रात्री दीडला त्यांच्या पोटात बेंबीच्या वर कळ उठली, ती थेट पाठीत जायची. उलट्या थांबेनात. सोलापूरला अ‍ॅडमिट केलं. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडातला पाचकरस) १८६० आलं, पित्ताशयात बारीक खडे दिसले, पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दम लागला, लघवी कमी झाली, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.६ पर्यंत चढलं, म्हणून आयसीयूत हलवलं. चौथ्या दिवशी सकाळी ऑक्सिजन काढला, क्रिएटिनिनही उतरलं. सातव्या दिवशीच्या सीटीत ‘४० टक्के नेक्रोसिस’, म्हणजे स्वादुपिंडाचा तेवढा भाग मेलेला, आणि भोवती पाणी असं लिहिलंय. तेराव्या दिवशी घरी सोडलं. आज एकोणिसावा दिवस. ताप नाही, थोडं थोडं खातात, उपाशीपोटी साखर १६५ आहे. डॉक्टर म्हणतात, आत्ता ऑपरेशन नाही, थांबायचं. सासरे म्हणतात, सडलेला भाग पोटात ठेवून कोणी घरी पाठवतं का? पुण्याला नेऊ. हे दारूला शिवत नाहीत, तरी नात्यातले ‘लपून घेत असेल’ म्हणतात. धोका किती आहे ते मला खरं सांगा.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. इथे सविस्तर लिहितेय, कारण ‘थांबा’ या शब्दाने घाबरलेली घरं मी मिरजेत दर महिन्याला पाहते.

आधी धोक्याचं. १८६० हा आकडा मनातून काढून टाका. लायपेज फक्त आजार आहे की नाही ते सांगतं, किती मोठा आहे ते सांगत नाही. पाच हजार लायपेज असलेला माणूस चौथ्या दिवशी पोहे खाऊन घरी जातो आणि हजाराच्या आतला व्हेंटिलेटरवर असतो, असं मी पाहिलेलं आहे. आजाराचं वजन ठरतं ते फुप्फुस, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांच्यावरून. २०१२ सालच्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात हेच धरलंय. एकही अवयव ढेपाळला नाही आणि स्वादुपिंडाभोवती काही साठलं नाही, तर आजार सौम्य. अवयव ढेपाळला पण ४८ तासांच्या आत सावरला, किंवा नुसतं पाणी साठलं अथवा भाग मेला, तर मध्यम. ४८ तास उलटूनही अवयव सावरला नाही, तर तीव्र. शंभरातले ऐंशीच्या आसपास रुग्ण सौम्य गटातले असतात आणि आठवड्याभरात घरी जातात. तीव्र गटात मात्र शंभरातले वीस ते चाळीस दगावतात.

तुमच्या यजमानांचा श्वास आणि लघवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिघडली आणि चौथ्या दिवशी सकाळी सावरली. म्हणजे छत्तीस तासांच्या आसपास. ते मधल्या गटात आहेत. सगळ्यात अवघड घाट त्यांनी आयसीयूतच ओलांडला.

आता त्या ४० टक्क्यांचं. सीटी करताना शिरेतून औषध देतात. जिथे रक्त खेळतंय तो भाग त्यामुळे उजळतो, जिथे रक्त पोचत नाही तो काळपट राहतो. यजमानांच्या स्वादुपिंडाचा तेवढा भाग उजळला नाही, म्हणजे तो मेला आहे. पण मेलेला म्हणजे सडलेला नव्हे. सडायला जंतू लागतात, आणि असे मेलेले भाग बहुतेकांच्या पोटात जंतूंशिवायच राहतात. जंतुसंसर्ग साधारण तिघांतल्या एकाला होतो. उरलेल्यांच्या बाबतीत शरीर तो भाग हळूहळू विरघळवून टाकतं किंवा त्याच्याभोवती भिंत घालून त्याला गप्प बसवतं. ही भिंत पक्की व्हायला सुमारे चार आठवडे लागतात. तुमचे डॉक्टर थांबलेत ते त्या भिंतीसाठी.

१९९८ साली मी एम.एस. करत होते. तिशीतला एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याचं पोट दहाव्या दिवशी उघडलं. पोटाची कड मागे ओढणारा हूक धरून मी उभी होते. आत मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं, तेच कळत नव्हतं. सगळं ओल्या साबणासारखं, बोट लावावं तिथून रक्त. शेवटी कापडी पॅक भरून पोट तसंच बांधलं. तेरा दिवसांनी तो गेला. त्या काळी अनेक ठिकाणी हीच पद्धत होती, कुणी हयगय केली नव्हती. हाच भाग पाचव्या-सहाव्या आठवड्यात काढावा लागला तर भिजलेल्या चिंध्यांसारखा सुटून हातात येतो, आणि रक्तस्रावही पुष्कळ कमी होतो. तुमच्या सासऱ्यांना हा फरक नक्की सांगा. त्यांची काळजी खरी आहे, पण त्या काळजीपोटी विसाव्या दिवशी पोट उघडायला लावू नका.

पुढे संसर्ग झालाच, तरी पहिलं पाऊल पोट उघडण्याचं नसतं. नेदरलँड्समधल्या १९ रुग्णालयांत ८८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली छापून आला. एका गटाचं पोट थेट उघडलं. दुसऱ्या गटात आधी साठा वाहून जायला फक्त नळी टाकली आणि गरज पडली तरच पुढची पायरी चढली. नळीच्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना नळीच पुरली. २०२१ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी आणखी एक अभ्यास छापला. संसर्ग झाल्यावरही भिंत पक्की होईपर्यंत नळी लांबवलेल्या गटात ३९ टक्के रुग्ण नुसत्या अँटिबायोटिक्सवर निभावले. आता तर जठरातून दुर्बिणीने वाट करून तो साठा जठरातच रिकामा करता येतो, बाहेरून छेदही लागत नाही. पण संसर्ग नसताना ‘असू दे हाताशी’ म्हणून अँटिबायोटिक्स देऊ नका. त्याने संसर्ग टळत नाही.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आमच्याकडे नळी घेऊन घरी गेले होते. त्यांच्या पत्नीने नळीतून रोज किती मिलिलिटर पाणी आलं ते कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. ३५०, ३१०, मध्येच एकदम ४२०, मग १८०, ९०, ४०. मला दाखवायला त्यांनी ते पानच फाडून आणलं. त्या ४२० वरून मी तातडीने सीटी करायला सांगितला आणि दुसरा कप्पा सापडला. तुम्हीही असंच करा. ताप, नाडीचे ठोके, किती खाल्लं आणि वजन, रोज एका ओळीत लिहा.

पुढच्या काही आठवड्यांत यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी सोलापूर गाठा. ताप पुन्हा आला, दुखणं परतलं, नाडी सतत शंभराच्या वर राहिली, दोन घासांतच पोट भरून उलटी व्हायला लागली, डोळे पिवळे झाले. आणि काळी शौच, रक्ताची उलटी किंवा अचानक चक्कर आली तर एक तासही घालवू नका. साठ्याशेजारची रक्तवाहिनी कुरतडली जाऊन तिला फुगा येतो आणि तो फुटू शकतो. हे क्वचित होतं, पण झालं की वेळ मिळत नाही. पुण्याला जायचंच असेल तर सगळ्या सीटीच्या सीडी घेऊन दुसऱ्या मतासाठी जा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोनवर म्हणालात की पेज आणि साबुदाण्याच्या खिरीवर ठेवलंय. ते आजच बंद करा. स्वादुपिंडाला ‘विश्रांती’ म्हणून माणसाला उपाशी ठेवायचं, हा विचार मागे पडला. झिजलेलं शरीर भरून यायला प्रथिनं लागतात. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, सायीविना दुधाचं दही, अंड्याचा पांढरा भाग, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. तेल-तूप हात राखून. शौच तेलकट, फार घाण वासाची झाली, पाण्यावर तरंगली, भांड्याला चिकटली, तर पाचकरस कमी पडतोय असं समजा. त्यावर कॅप्सूल मिळतात, त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण झाल्यावर घेतल्या तर उपयोग कमी होतो.

साखर १६५ आहे म्हणून आजच कायमचा मधुमेह म्हणू नका. यातली काही वाढ आजाराच्या ताणाची असते आणि ती उतरते. पण अशा झटक्यानंतर पुढच्या काही वर्षांत पाचातल्या एकाला तरी मधुमेह होतो, आणि इतका भाग मेला असेल तर शक्यता जास्त. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (एचबीए१सी) आता करा आणि मग दर सहा महिन्यांनी.

राहिली दारू. दारू हे या आजाराचं एक मोठं कारण आहे, खडे हे दुसरं. पित्ताशयातला मोहरीएवढा खडा निसटून पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र उघडतात तिथे अडकला की एवढं सगळं होतं. खडे सोनोग्राफीत दिसलेत. आजाराशी झुंजून आलेल्या माणसाला वर संशयही सोसावा लागावा, याचं मला फार वाईट वाटतं. सोनोग्राफीचा कागद नातेवाइकांसमोर ठेवा. यापुढे मात्र दारू आणि बिडी-सिगारेट दोन्ही वर्ज्य, कारण आता स्वादुपिंड आधीच दुबळं झालंय. आणि खडे आहेत तोवर हा झटका पुन्हा येऊ शकतो. भोवतालचा साठा विरला किंवा स्थिरावला की पित्ताशय काढून घ्या. ते ऑपरेशन टाळू नका.

प्रश्न : माझ्या आईला (५८) खड्यांमुळे सौम्य पॅन्क्रियाटायटिस झाला. पाचव्या दिवशी घरी सोडलं आणि दोन महिन्यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनला बोलावलं. थांबलो तर चालेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. वरच्या पत्रात मी थांबायला सांगितलं, कारण तिथे मेलेला भाग आहे. तुमच्या आईच्या पोटात तसं काही नाही. सौम्य आजारात रुग्णालयातल्या त्याच मुक्कामात पित्ताशय काढणं योग्य. २०१५ साली छापलेल्या डच अभ्यासात, घरी पाठवून तीन-चार आठवड्यांनी ऑपरेशन केलेल्या शंभरातल्या सतरा जणांना खड्यांचा त्रास पुन्हा झाला. त्याच मुक्कामात ऑपरेशन झालेल्यांत हा आकडा पाच होता. तुम्हाला तर दोन महिने सांगितलेत. आईला हृदयाचा किंवा भूल देण्यात अडथळा आणणारा दुसरा आजार नसेल, तर उद्याच सर्जनना भेटा आणि याच आठवड्यातली तारीख मागा. तिथे जागा नसेल तर जिथे मिळेल तिथे जा. तोवर तळलेलं बंद, आणि वरच्या पोटात कळ आली तर अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.