घाईची लघवी आणि नव्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचं वय 71. दिवसाला बारा-तेरा वेळा लघवीला जावं लागतं आणि एकदा लागली की धीर धरवत नाही. त्यावरच्या सॉलिफेनासिन या गोळीने तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना. म्हणून डॉक्टरांनी मिराबेग्रॉन ही दुसऱ्या प्रकारची गोळी, 25 मिलिग्रॅम, सुरू केली. दहा दिवस झाले, काही फरक नाही. बंद करावं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : इतक्यात नको. 25 मिलिग्रॅमचा पूर्ण गुण दिसायला आठ आठवडे लागू शकतात. तेवढ्यानंतरही फरक नसेल तर डॉक्टर 50 मिलिग्रॅम देण्याचा विचार करतात.

सॉलिफेनासिन मूत्राशयाच्या स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश अडवतं. पण तोच संदेश लाळग्रंथी आणि आतडीही वापरतात, म्हणून कोरड आणि बद्धकोष्ठता. कोरड पडली की माणूस जास्त पाणी पितो आणि फेऱ्या पुन्हा वाढतात! शिवाय उतारवयात या गटातल्या गोळ्यांनी विसराळूपणा, गोंधळ वाढायची धास्ती असते. तेव्हा औषध बदललं ते ठीकच झालं. मिराबेग्रॉन बीटा-3 रिसेप्टर (पेशीवरचा, संदेश झेलणारा रेणू) चेतवून, मूत्राशय भरत असताना स्नायू सैल ठेवतं.

गोळी अख्खी गिळायची. ती औषध हळूहळू सोडते. कुटली किंवा चावली तर ते एकदम सुटतं. रक्तदाब आधी मोजा, नंतरही अधूनमधून मोजत राहा. तो 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर हे औषध देत नाहीत. आईंना मेटोप्रोलॉल (रक्तदाब-हृदयासाठीची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मिराबेग्रॉनमुळे मेटोप्रोलॉल शरीरात नेहमीपेक्षा जास्त साठतं.

आणि गुण आठवणीवर जोखू नका. आत्ता सलग तीन दिवस आणि आठव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवस वहीत लिहा : वेळ, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर झाली, घाई होती का, कपडे ओले झाले का, काय आणि किती प्यायल्या.

प्रश्न : या त्रासावर नवी औषधं इतकी कमी का येतात? – फार्मसीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : मुख्य लक्षण ‘घाई’ आहे आणि उंदीर ती सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या मूत्राशयात नळीने सलाइन सोडून दोन आकुंचनांमधलं अंतर आणि दाब मोजतात. त्यावरून घाईचा फक्त अंदाज येतो. त्यात रिसेप्टरही प्राण्यागणिक वेगळे. उंदराचं मूत्राशय सैल करण्यात बीटा-2 या दुसऱ्या रिसेप्टरचाही वाटा असतो, माणसात मात्र बहुतांश काम बीटा-3 करतो. मानवी बीटा-3 चं जनुक 1989 मध्ये वेगळं काढलं गेलं. त्याआधी उंदरांवर पारखलेली, लठ्ठपणासाठीची बीटा-3 औषधं माणसात फिकी पडली होती. खुद्द मिराबेग्रॉनवरचं काम मधुमेहासाठी सुरू झालं होतं. जपानमध्ये 2011 ला आणि अमेरिकेत 2012 ला त्याला मान्यता मिळाली ती मूत्राशयासाठी.

दुसरी अडचण डमी गोळीची, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीची. या चाचण्यांत साधारणपणे दिवसाला सरासरी आठ किंवा जास्त फेऱ्या आणि तीन दिवसांत निदान तीनदा घाई असलेले रुग्ण घेतात, आणि मग बारा आठवडे औषध. मिराबेग्रॉन 50 मिलिग्रॅमच्या एका मोठ्या चाचणीत रोजच्या फेऱ्या 1.93 ने कमी झाल्या, डमी गोळीवर 1.34 ने. दुसरीत 1.66 आणि 1.05. म्हणजे औषधाची निव्वळ कमाई दिवसाला सुमारे 0.6 फेरी. डमी गोळीवरही फरक पडतो, कारण नुसती नोंद ठेवायला लागलं तरी माणूस पाणी-चहा बेतानं घेतो, थोडं थांबायला शिकतो. इतक्या बारीक फरकात नवं औषध सिद्ध करायचं म्हणजे शेकडो रुग्ण हवेत. रिटोबेग्रॉन हे दुसरं बीटा-3 औषध तर जपानमध्ये चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात अडकलं. पोटॅशियम चॅनल (पेशीतली पोटॅशियमची वाट) उघडून स्नायू सैल करणाऱ्या औषधांचं दुखणं वेगळं : ती रक्तवाहिन्याही सैल करतात, रक्तदाब उतरतो. व्हायबेग्रॉन हे बीटा-3 औषध मात्र पार झालं, मान्यता मिळाली जपानमध्ये 2018 ला आणि अमेरिकेत 2020 ला. ते मेटोप्रोलॉलच्या विघटनात ढवळाढवळ करत नाही आणि अमेरिकेतली 75 मिलिग्रॅमची गोळी कुटूनही देता येते. मला यातली खरी प्रगती दुष्परिणामांत दिसते, गुणात फारशी नाही.

प्रश्न : मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन सुरू झाल्यापासून सारखी लघवी. मिराबेग्रॉन घेऊ का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी वही. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढते आणि साखरेबरोबर पाणीही जातं. प्रत्येक वेळी 300-400 मिलिलिटर होत असेल तर मूत्राशयाचा दोष नाही. प्रत्येक वेळी थोडीच आणि घाईनं होत असेल, जळजळ असेल, तर प्रथम लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी). मधुमेहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.